नववा पेला

दादाच्या बोटांना स्पर्श उरला नव्हता. तीस वर्षं ज्योतीवर काच वितळवून त्याने माणसाच्या रक्तवाहिन्यांची झाडं केली, आणि त्या तीस वर्षांत दहाही बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली. त्यामुळे काच जिथे जोडली किंवा बुजवली, तिथलं काम नीट झालंय की नाही हे तो खालच्या ओठाने तपासायचा. मॉडेल तोंडाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि ओठ हळूच त्यावरून फिरवायचा. प्रयोगशाळेत नवीन आलेला एखादा डॉक्टर ते पाहून चपापला की दादा डोळे न उघडता म्हणायचा, "पापा घेत नाहीये, तपासतोय. पापा घ्यायला घरी माणूस आहे."

ते घरचं माणूस म्हणजे वहिनी. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने आठ दिवस त्याचा डबा भरला नाही, असं दादाच सांगायचा. खरंखोटं तोच जाणे.

हे काम कशासाठी असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ झाली की प्रत्येकालाच ऑपरेशन झेपतं असं नाही. मग डॉक्टर मांडीतल्या रक्तवाहिनीतून दोऱ्याएवढी बारीक नळी आत सरकवतात, ती थेट लिव्हरपर्यंत नेतात आणि तिच्यातून औषध भरलेले मणी सोडतात. वाळूच्या कणाहून बारीक मणी. ते रक्ताबरोबर वाहत जाऊन गाठीत अडकतात, तिचं रक्त तोडतात आणि तिथेच बसून औषध सोडत राहतात. ऐकायला सोपं वाटतं. पण मणी आंधळे. प्रवाह नेईल तिकडे जाणार. म्हणून आधी प्रयोगशाळेत तशाच रक्तवाहिन्या करायच्या, त्यांतून पंपाने रक्ताइतकं दाट, कोमट पाणी ठोक्याठोक्याने सोडायचं, नळी घालायची, लाल मणी सोडायचे आणि कुठून सोडले की कुठे जातात ते बघायचं. लिव्हरचे भाग आठ, म्हणून मॉडेलला तोंडं आठ, आणि प्रत्येक तोंडाखाली काचेचं एक भांडं. दादा त्यांना पेले म्हणायचा, म्हणून अख्खी प्रयोगशाळा पेले म्हणायची. शेवटी भिंगाखाली प्रत्येक पेल्यातले मणी मोजायचे. मोजून मोजून मान मोडून यायची.

दादाची धाकटी बहीण चोविसाव्या वर्षी त्याच्या हाताखाली आली. आई-वडील लवकर गेलेले, दादा चौदा वर्षांनी मोठा, त्यामुळे भाऊ कुठे संपतो आणि बाप कुठे सुरू होतो हे तिला कधी नीट कळलं नाही. घरी तो तिला धाकटे म्हणायचा, म्हणून प्रयोगशाळेतही ती धाकटीच झाली, आणि पन्नाशी गाठली तरी धाकटीच राहिली. फक्त डॉक्टर तिला ताई म्हणत.

काम शिकवताना दादा भयंकर होता. मॉडेल हातात घेतलं की पहिल्यांदा नाक मुरडायचा, मग दिव्यासमोर धरायचा, मग पुन्हा नाक मुरडायचा. "बरं आहे" हे त्याच्या कोशातलं सगळ्यात मोठं कौतुक. तेसुद्धा तिला बावीस वर्षांत पाच-सहा वेळा मिळालं असेल. पुढे काच गेली आणि सिलिकोन आलं. स्कॅनवरून मेणाचं झाड करायचं, त्यावर सिलिकोनचे थर चढवायचे, ते पक्के झाले की आतलं मेण वितळवून काढून टाकायचं. मागे राहतं ते पोकळ, मऊ, खऱ्यासारखं झाड. दादा सिलिकोनला रबर म्हणून हिणवायचा, पण दोन वर्षांत तेही शिकला. मोडेन पण वाकणार नाही असल्या बाता मारणाऱ्यांतला तो नव्हता.

मॉडेलं करायच्या त्या कामशाळेचा एक नियम होता, दादानेच घातलेला. एक मिलिमीटरच्या आतली फांदी म्हणजे केस. केस दिसला की कापायचा आणि भोक बुजवायचं. काचेच्या काळात केस दर धुण्याला तुटायचे. सिलिकोनमध्ये मुळाशी फाटून गळायचे. एक केस गळला की पाण्याचा दाब पडला, आणि दिवसभराची मोजणी वाया गेली. सगळे डॉक्टर हे जाणून होते. इतक्या बारीक फांदीतून असं कितीसं रक्त जाणार?

आणि या नियमाच्या पोटी एक खेळही आला होता. मॉडेल तयार झालं की धाकटीने फक्त आकडा सांगायचा, "चार केस", आणि दादाने ते कुठे बुजवलेत ते ओठाने शोधून काढायचं. बुजवलेल्या जागी किंचित उंचवटा राहतोच. तो ओठ फिरवायचा आणि म्हणायचा, "एक. दोन. हा तिसरा, जाडजूड. चौथा इथे, अगदीच गबाळा." बावीस वर्षांत ती एकदाही जिंकली नव्हती.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी दादाच्या स्वतःच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली.

बातमी ऐकून धाकटी धावत त्याच्या घरी गेली. दादा मात्र म्हणाला, "इतकी वर्षं बाहेरची कामं केली, आता घरचं काम आलं. माझं मॉडेल तूच करायचं. आणि घाई करायची नाही, मी कुठे पळून जात नाही."

तिने बारा दिवस लावले. एवढ्या दिवसांत ती तीन मॉडेलं करायची. मेणाचं झाड तिने चार वेळा मोडून पुन्हा केलं. स्कॅनवर केस तीन निघाले. तिसरा होता मुख्य खोडाच्या वळणावर, सगळ्यांत नाजूक, पाऊण मिलिमीटरचा. पहिल्यांदा तिने तो ठेवून बघितला. तो मुळाशी फाटला आणि पाणी ठिबकायला लागलं. मग नियमाप्रमाणे कापला. पण भोक बुजवताना तिने जीव ओतला. सिलिकोनचा एकच थेंब, साबणाच्या पाण्यात भिजवलेलं बोट, आणि भट्टीत घालायच्या आधी पुन्हा पुन्हा फिरवून सपाट केलेली जागा.

दादा मॉडेल बघायला स्वतः आला. आजाराने शर्ट अंगावर टांगल्यासारखा झाला होता, पण कामशाळेच्या दारातून आत आला तो जुन्या तोऱ्यात. स्वतःच्या लिव्हरचं झाड दिव्यासमोर धरून त्याने सवयीने नाक मुरडलं.

"वळणं फार आहेत हो," तो डॉक्टरांना म्हणाला. "स्वभावानुसार असतात का?"

डॉक्टर हसले. ते वयाने दादाच्या मुलासारखे, त्याच्याच मॉडेलांवर हात बसवून मोठे झालेले. धाकटी म्हणाली, "तीन केस."

दादाने डोळे मिटले. एक सापडला. दुसरा सापडायला जरा वेळ लागला. मग ओठ खोडावरून खाली गेला, वर आला, वळणावरून दोनदा फिरला. कामशाळेत पंपाचा आवाज तेवढा चालू होता. अखेर त्याने डोळे उघडले.

"दोनच आहेत."

"तीन आहेत."

"थापा मारतेस."

तिने वळणावर नखाने खूण केली. दादाने तिथे पुन्हा ओठ टेकवला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "हरलो. लागत नाही. काही म्हणजे काही लागत नाही. धाकटे, तुझा हात माझ्यापुढे गेला."

पन्नाशीची बाई प्रसाधनगृहात जाऊन रडली. पाच मिनिटं, तोंडावर रुमाल दाबून. आनंद कसला आणि भीती कसली हे वेगळं करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. मणी सोडायला जागा दोन होत्या: वळणाच्या अलीकडची आणि वळणाच्या पलीकडची. पलीकडे नळी न्यायला डॉक्टरांना मॉडेलवरच चाळीस मिनिटं लागली. वळणावरून ती पुन्हा पुन्हा मागे घसरत होती. खऱ्या माणसात इतका वेळ खटपट केली तर रक्तवाहिनी आवळून बसायची भीती. अलीकडची जागा मात्र सहा मिनिटांत. दोन्हीकडून मणी सोडले, आठही पेले मोजले. आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे कठीण वाट धरण्यात काही अर्थ नव्हता. डॉक्टरांनी अलीकडची जागा ठरवली आणि तिनेही मान डोलावली.

उपचार छान पार पडले. दादा तिसऱ्या दिवशी घरी आला. येताना हट्टाने मॉडेलही घेऊन आला आणि पलंगाशेजारच्या मेजावर ठेवलं. भेटायला येईल त्याच्या हातात तो ते द्यायचा.

"हे माझं लिव्हर. बहिणीने केलंय. यात तीन जागी भोकं बुजवली आहेत, शोधून दाखवा. दोन मी शोधली. तिसरं सापडलं तर मी मिशा उतरवीन."

पाहुणे बिचारे बोटं फिरवायचे आणि हरायचे. मिशा शाबूत राहिल्या.

तीन आठवड्यांनी त्याच्या पोटात दुखायला लागलं. आधी जेवल्यावर, मग जेवणाआधी, मग सारखंच. दूधसुद्धा टिकेना. एका सकाळी उलटीत रक्त पडलं. दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिलं, तर जठरात मोठा अल्सर, औषधाला दाद न देणारा. "या उपचारात असं क्वचित होतं," असं घरच्यांना सांगण्यात आलं.

धाकटीला मात्र डॉक्टरांनी आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, अल्सरचा तुकडा तपासायला दिला होता. त्यात मणी निघाले. आपले."

तिने खुर्ची ओढून घेतली.

"त्या दिवशी उपचार करताना पडद्यावर मला एक पुसटशी रेघ दिसली होती, वळणापाशी. क्षणभर थांबलो. मग मॉडेल आठवलं. मॉडेलवर तिथे काही नव्हतं, म्हणून मन निवांत झालं." ते टेबलावरच्या कागदांकडे बघत बोलत होते. "थांबून नीट बघायला हवं होतं. चूक माझी आहे. मी येऊन त्यांना सांगतो."

"मी सांगते," ती म्हणाली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने दादाचा स्कॅन उघडला आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेली. वळण आलं. तिथून निघालेला तो पाऊण मिलिमीटरचा केस लिव्हरकडे जातच नव्हता. खाली वळून जठराकडे जात होता. कापताना तिने तो कुठे जातो हे पाहिलंच नव्हतं. केसांचं पुढे कुणीच बघत नसे, ते कापायचेच असत. अलीकडच्या जागेवरून सोडलेले मणी त्याच्या तोंडावरून जात होते. पलीकडच्या जागेवरून सोडले असते, तर तो केव्हाच मागे पडला असता.

मी सांगते म्हणाली खरी. पण तीन आठवडे ती रोज संध्याकाळी दादाच्या घरी जायची, पलंगाशी बसायची, आणि न सांगताच परत यायची. मेजावर ते मॉडेल. आणि दादा आल्यागेल्याला, आता दम लागत असताना, तेच सांगायचा: "तिसरं शोधून दाखवा." एकदा तर शेजारच्या आजोबांनी खरंच ओठ लावून पाहिला. दादा खूश झाला आणि हसता हसता पोट धरून कळवळला. धाकटी पाणी आणते म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. तिला स्वतःची किळस आली होती.

अल्सरपायी खाणं तुटलं, आणि खाणं तुटल्यावर लिव्हरनेही हातपाय गाळायला सुरुवात केली. गाठ उपचारांनी निम्मी झाली होती, हा त्यातला सगळ्यांत क्रूर भाग. डॉक्टर म्हणाले, आता आठवडेच.

त्या रविवारी दुपारी दादा अर्धी वाटी सूप पिऊन पडला होता. वहिनी वाटी उचलता उचलता मध्येच थांबली.

"मीच दिलं होतं ना तळलेलं," ती म्हणाली. "दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. हे नको म्हणत होते. मीच म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

"पुन्हा तेच सुरू केलंस," दादा म्हणाला. "अगं, तळलेलं खाऊन कुणाच्या पोटाला भोक पडतं का?"

"मग कशाने पडलं? दुखणं लिव्हरचं आणि भोक पोटाला? महिनाभर मला झोप नाही. रोज आठवते, काय काय दिलं, कधी दिलं." ती धाकटीकडे वळली. "तू त्या लोकांत काम करतेस. तू सांग. तळलेल्यानेच झालं ना?"

वहिनीचे डोळे खोल गेले होते. तिने नवऱ्याला स्वतःच्या हाताने मारलं असं तिला वाटत होतं, आणि धाकटी तीन आठवडे तिला तसं वाटू देत होती.

"नाही वहिनी," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. मण्यांनी झालं. जे मणी लिव्हरमध्ये जायला हवे होते, त्यातले काही पोटाकडे गेले. तिकडे जाणारी एक बारीक रक्तवाहिनी होती. मॉडेलवर ती नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही. मी कापली होती."

वहिनी तशीच उभी राहिली. दादाने मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

"तिसरा?" त्याने विचारलं.

"तिसरा."

त्याने मेजाकडे हात केला. तिने मॉडेल दिलं. दादाने ते छातीवर ठेवलं, वळण चाचपलं, पण ओठाला लावलं नाही.

"कधी कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

वाटी ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. वहिनी आत गेली होती. त्यानंतर दादा असेपर्यंत ती धाकटीशी कामापुरतंही बोलली नाही, आणि तिला दोष कोण देणार?

"एक मिलिमीटरच्या आतलं कापायचं, हे तुला कुणी शिकवलं?" दादाने विचारलं.

"तू. पण दादा, कापायच्या आधी तो कुठे जातो ते मी बघायला..."

"मीही कधी बघितलं नाही." तो छताकडे बघत राहिला. "मला राग आलाय. तुझा आलाय की माझा आलाय, ते कळत नाही. तू आता घरी जा."

ती गेली. दोन दिवस तिची त्या घराकडे जायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. आवाज विहिरीतून यावा तसा, पण शब्द जुनेच, कामशाळेतले.

"मेण घेऊन ये. मऊ असतं ते. आणि माझा स्कॅन. रिकाम्या हाताने येऊ नकोस."

ती गेली तेव्हा तो उशांना टेकून बसला होता. समोर गरम पाण्याचं पातेलं होतं. म्हणजे ते वहिनीने आणून ठेवलं असणार.

"आपण किती मॉडेलं केली?" त्याने विचारलं.

"दोघांची मिळून चारशेच्या वर असतील."

"त्यातल्या कितींवर बघून माणसांवर उपचार केले?"

"चाळीस-एक. बाकीची शिकायला होती."

"त्या चाळिसांचे सगळे केस आपण कापले. दोन रात्री मोजतोय. एकाचाही चेहरा माहीत नाही."

तिने हळूच विचारलं, "राग गेला का?"

"नाही गेला. असू दे तो. हात चालव. वेळ थोडा आहे."

तिने स्कॅन बघत मेणाचं झाड पुन्हा उभं केलं आणि त्याचं खोड पातेल्यातल्या पाण्यात बुडवून मऊ केलं. दादा म्हणाला, "तू केस वेगळा करून नंतर चिकटवतेस, म्हणून मुळाशी सिलिकोन पातळ चढतं आणि फाटतं. मीही काचेत हेच करायचो. आळस, दुसरं काय. खोड कोमट असताना केस त्याच्यातूनच ओढून काढायचा. मुळाशी रुंद, पुढे निमुळता. चिकटवलंच नाही तर फाटेल कुठे? आण इकडे."

त्याचे हात थरथरत होते. मेण दोनदा तुटलं. दुसऱ्यांदा तुटलं तेव्हा त्याने अशी सणसणीत शिवी घातली, की आतून वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्या वेळी त्याने श्वास रोखला, वळणापाशी मेण चिमटीत धरलं आणि ओढलं. हात थरथरायचे थांबले. खोडातून एक धागा निघाला, लांबत गेला, बारीक होत गेला, आणि स्कॅनवर होता तसाच खाली वळला. दादाने तो हवेत धरून ठेवला, गार होईपर्यंत.

"बघ," तो म्हणाला. "होत होतं. पहिल्यापासून होत होतं."

आणि तो रडायला लागला. धाकटीने दादाला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. वहिनी पुढे आली, तिने त्याच्या हातातलं मेणाचं झाड अलगद काढून धाकटीच्या हातात दिलं आणि स्वतः त्याच्याजवळ बसली. तिचे डोळे धाकटीकडे गेले नाहीत.

सिलिकोनचे सात थर चढवायचे असतात, आणि प्रत्येक थर पक्का व्हायला एक दिवस लागतो. पाचव्या थराच्या दिवशी दादा गेला.

नंतरच्या आठवड्यात वहिनीने जुनं मॉडेल टॉवेलमध्ये गुंडाळून दारातच तिच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. घरात नको." एवढं बोलून ती आत वळली. मग थांबून म्हणाली, "ते दुसरं झालं का, यांनी केलेलं?"

"दोन थर राहिलेत."

"करून टाक," वहिनी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

धाकटीने उरलेले दोन थर चढवले, मेण वितळवून काढलं, झाड धुतलं. केसाच्या मुळाशी तिने आपला खालचा ओठ टेकवला आणि डोळे मिटले. तिथे काहीच लागलं नाही. केस किती, हे ऐकायला कुणी नव्हतं.

मॉडेल पंपाला जोडलं. आठ तोंडांखाली आठ पेले ठेवले. मग तिने कपाटातून आणखी एक पेला काढला, पुसला आणि त्या केसाच्या टोकाखाली ठेवला. डॉक्टर बघत होते. पंप सुरू झाला. केस गळला नाही. त्याच्या टोकातून ठोक्याठोक्याला एकेक थेंब नवव्या पेल्यात पडू लागला.

डॉक्टरांनी आधी अलीकडच्या जागेवरून मणी सोडले. सहा मिनिटांत काम झालं. पेले भिंगाखाली घेतले. नवव्या पेल्यात शंभरामागे सात मणी निघाले. लाल, नुसत्या डोळ्यांनीही तळाशी दिसत होते. डॉक्टरांनी आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

"पलीकडून करायचं का, ताई? आज राहू दे हवं तर."

"करा," ती म्हणाली.

या वेळी नळी वळणावरून पंचवीस मिनिटांत पुढे गेली. डॉक्टरांचा हात आता बसला होता. त्यांनी मणी सोडले. पाणी धडधडत राहिलं, आठ पेले हळूहळू लाल झाले. धाकटी नवव्या पेल्यासमोर स्टूल ओढून बसली होती. एक तरी मणी यावा, असं तिला मनापासून वाटत होतं. एक जरी आला असता, तर पलीकडून सोडूनही हे टळलं नसतं, दादा असाच गेला असता, असं तिला स्वतःला सांगता आलं असतं.

पंप बंद झाला. शेवटचा थेंब पडला. तिने पेला उचलून भिंगाखाली धरला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने पेला त्यांच्या हातात दिला. त्यात नुसतं पाणी होतं.